'समस्थानिक'मधलं स्थान कुठलं?

विचारणा अशी आहे: "हवेतल्या कार्बनच्या आणि पावसाच्या पाण्याच्या समस्थानिकांवरून ते कुठून आले हे कळतं, असं वाचलं. मग 'समस्थानिक' म्हणजे एकाच ठिकाणचे असं समजायचं का? आणि यात येणारं 'जड पाणी' म्हणजे आपलं बोअरचं का?"

दोन्हींचं उत्तर नाही.

'समस्थानिक'मधलं स्थान आवर्तसारणीतलं आहे, पृथ्वीवरचं नव्हे. रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांना १९१३ च्या सुमारास एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या भारांच्या अणूंना नाव हवं होतं. मार्गारेट टॉड या डॉक्टर आणि कादंबरीकार बाईंनी ग्रीकमधले 'आयसोस' म्हणजे सारखा आणि 'टोपोस' म्हणजे जागा हे शब्द जोडून 'आयसोटोप' सुचवला. मराठीने तीच जोडणी सम + स्थान + इक अशी केली. कार्बन-१२, कार्बन-१३ आणि कार्बन-१४ या तिघांत प्रोटॉन सहाच, म्हणून घर एकच. न्यूट्रॉन कमीजास्त, म्हणून वजन वेगळं. 'स्थानिक निवडणुका', 'स्थानिक भाव' वाचून सरावलेला डोळा इथे फसणारच. गंमत अशी की घराच्या नावाचा हा शब्द कामाला येतो तो गाव शोधायलाच.

ते कसं, हे कार्बनमध्ये छान दिसतं. निसर्गातला सुमारे १.१ टक्का कार्बन हा कार्बन-१३ असतो. पानं कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) घेताना हलक्या कार्बन-१२ ला झुकतं माप देतात. भात-गव्हात कार्बन-१३ चं प्रमाण हवेपेक्षा हजारी सुमारे २० ने कमी भरतं. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्यात ही घट हजारी पाचच्या आसपास. (हे 'हजारी' लक्षात ठेवा, या विषयात टक्के फार ढोबळ पडतात.) कोळसा आणि खनिज तेल मुळात जुन्या वनस्पतींचे, तेलाच्या बाबतीत बरंचसं समुद्री शेवाळाचे, त्यामुळे त्यांच्यातही कार्बन-१३ कमीच. ते जाळले की हवेतलं त्याचं प्रमाण घसरतं, आणि ते घसरताना मोजलेलं आहे. वाढलेला वायू ज्वालामुखीचा किंवा समुद्राचा असता, तर इतकी घसरण दिसली नसती. कार्बन-१४ ची साक्ष आणखी थेट. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा नाहीसा व्हायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं, कोळसा कोट्यवधी वर्षांचा. त्यात तो उरलेलाच नसतो. अशा कार्बनला 'मृत कार्बन' म्हणतात. त्याने हवेतला कार्बन-१४ पातळ होतो, हे हान्स स्यूस या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात झाडांच्या लाकडावरून दाखवलं.

पाण्यात मुख्य पात्र ऑक्सिजन-१८, दहा हजार ऑक्सिजन अणूंत जेमतेम वीस. वाफ होताना हलकं, म्हणजे ऑक्सिजन-१८ नसलेलं पाणी आधी उडतं, पाऊस पडताना जड आधी उतरतं. बाष्प जमिनीवर जसजसं बरसत पुढे सरकतं, तसतसं उरलेलं हलकं होत जातं. म्हणून पावसातल्या जड-हलक्याच्या प्रमाणावरून ते कुठून आलं याचा अंदाज येतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतही पावसाच्या पाण्याची अशी मोजणी होते.

मला यातली सगळ्यात सुंदर जागा वाटते ती पान. कर्बवायू पानात शिरला की तिथल्या पाण्याशी त्याच्या ऑक्सिजनची अदलाबदल होते, आणि त्यातला बराचसा वायू अन्न न बनता परत बाहेर पडतो. हलकं पाणी उडून गेल्यामुळे पानातलं पाणी ऑक्सिजन-१८ ने भरलेलं असतं. त्याचा छाप घेऊनच तो वायू हवेत मिसळतो. म्हणजे कर्बवायूतला ऑक्सिजन मोजताना कार्बनचक्र आणि जलचक्र एकाच नमुन्यात हाताला लागतात.

आता 'जड पाणी'. बोअरचं जड पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेलं, ज्यात साबणाला फेस येत नाही. शाळेच्या पुस्तकातलं 'दुष्फेन'. अणुभट्टीचं जड पाणी म्हणजे ज्यातला जवळजवळ सगळा हायड्रोजन ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचं जड समस्थानिक, आहे असं. रायगडमध्ये थळला त्याचा कारखाना आहे. पावसात या दोन्हींपैकी काही नाही. तिथे बोलतात ते नेहमीच्या पाण्यातल्या मूठभर जड रेणूंबद्दल, म्हणून लिहिताना 'जड रेणू' लिहावं.

'वातावरणीय समस्थानिके' हा प्रयोगही मी टाळतो. तो समस्थानिकांचा वेगळा प्रकार असल्यासारखा वाटतो. 'हवेतल्या कर्बवायूची समस्थानिके' चालेल. बोलताना 'आयसोटोप' म्हणायला काहीच हरकत नाही.