तिकिटाआधी भागीदारीपत्र बाहेर काढ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नगराध्यक्षपदासाठी पक्षाने विचारणा केल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. धंदा सांभाळून पद झेपेल का, असं विचारतोस. झेपण्याचं सोड. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा जॉन लोगन कॅम्बेल तुला माहीत असावा असं वाटतं, म्हणून हे लांबलचक उत्तर. त्याला तिथे 'ऑकलंडचा जनक' म्हणतात. आपण त्याच्या खतावणीकडे बघू.

एडिंबरात डॉक्टर झालेला हा तरुण १८४० साली विल्यम ब्राउन या भागीदारासह मोटुकोरेया बेटावर डुकरं पाळत होता. ब्रिटिश गव्हर्नर न्यूझीलंडची राजधानी कुठे नेतो, यावर दोघांचा डोळा. न्गाटी व्हाटुआ या माओरी लोकांकडून सरकारने सुमारे ३,००० एकर जमीन घेतली, ती थोडी रोकड आणि घोंगड्या, कपडे असल्या मालावर. कॅम्बेलने लगोलग तिथे तंबू ठोकून दुकान मांडलं. १८४१च्या एप्रिलात त्यातलेच मोजके एकर सरकारने लिलावात विकले, एकूण २४ हजार पौंडांच्या वर. घेणाऱ्यांत ब्राउन-कॅम्बेलची ही पेढीही होती. ती पुढे कष्टाने वाढली हे खरंच, पण शहर फुगलं की जमिनीचा भाव मालक झोपला असतानाही चढतो.

आता तुझ्या कामाचा भाग. १८५५ साली ऑकलंड प्रांताचा सुपरिटेंडंट, म्हणजे निवडून आलेला कारभारी, झाला ब्राउन. त्याच वर्षी त्याच्यामागून त्या खुर्चीत बसला कॅम्बेल. 'सदर्न क्रॉस' हे वर्तमानपत्र काढलेलं ब्राउननेच. पेढी, पेपर आणि पद एकाच ओसरीवर! त्यांनी काय खाल्लं, असा आरोप मी करत नाही. पण गावाने संशय घेतला तर त्याला चूक कसं म्हणायचं?

दुसऱ्याच वर्षी कॅम्बेलची स्वारी युरोपला निघाली. १८५८ साली मेरठला लग्न, मग बरीच वर्षं तिकडेच मुक्काम. ऑकलंडला कायमचा परतला तो १८७१ मध्ये. पुढे ब्राउनशी फिसकटलं, १८८०च्या दशकातल्या मंदीने पार जेरीस आणलं. तरला तो बिअरच्या धंद्यावर.

महापौर तो झाला १९०१ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, आणि तेही काही महिन्यांपुरता. इंग्लंडचा राजपुत्र येणार होता. आधीचे महापौर डेव्हिड गोल्डी कट्टर दारूबंदीवाले. पाहुण्यांच्या सन्मानार्थ मद्याचा पेला उचलण्यापेक्षा त्यांनी पद सोडलं. जागी आला दारूभट्टीचा मालक! मला मात्र गोल्डींचं जास्त कौतुक वाटतं.

त्याच भेटीत कॅम्बेलने वन ट्री हिलची आपली जमीन लोकांना दिली, तेच कॉर्नवॉल पार्क. शहराच्या ऐन मध्यात तिथे आजही गुरं-मेंढरं चरतात. ही जमीन त्याने नगरपालिकेच्या हाती सोपवली नाही. वेगळा विश्वस्त निधी केला. लगतच्या जमिनी भाडेपट्ट्याने दिलेल्या, त्या भाड्यावर उद्यान चालतं. कोणता पक्ष निवडून आला याच्याशी त्याचं काही अडत नाही. त्याचं सर्वांत टिकाऊ काम खुर्चीतून झालेलं नाही, हे ध्यानात घे.

आता तुझं. पाणीपुरवठ्याचं कंत्राट तुझ्या फर्मकडे आहे. नगरपालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असला तर कायद्याने अपात्र ठरतोस, हे वकील सांगेलच. तोच वकील कदाचित दबक्या आवाजात 'भावाच्या नावावर करा' असंही सुचवेल. ते करू नकोस. गावात कुणाचं काय कुणाच्या नावावर आहे, हे चहाच्या टपरीवरही पाठ असतं. एक तर चालू काम पूर्ण करून बिलं निघेपर्यंत थांब आणि पुढची निविदा भरू नकोस, नाहीतर तिकिटाला नाही म्हण आणि तलावाकाठच्या तुझ्या पडीक जागेचं काय करता येईल ते बघू.

रविवारी ये. भागीदारीपत्र आणि कंत्राटाची फाईल घेऊन ये. वहिनींनाही आण, घरातून पैसा कुठे जातो ते त्यांना तुझ्याहून नीट ठाऊक असतं.

तुझा,
काका