'जीनोम रिडक्शन'ला ऱ्हास म्हणावं, झीज म्हणावं की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: "कीटकांच्या शरीरात राहणाऱ्या जीवाणूंवरचा मजकूर मराठीत आणतो आहे. 'जीनोम रिडक्शन'साठी मी 'जनुकीय ऱ्हास' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'जनुकसंचाची झीज' केलं. बरोबर काय?"

'जीनोम रिडक्शन' म्हणजे सजीवाचा जनुकसंच पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जाणं. त्यासाठी मला दोन्ही शब्द पटत नाहीत. त्यातही झीज अजिबात नाही, म्हणून आधी तीच घेतो.

झीज वापरानं होते. पायरी झिजते, सहाण झिजते, चपलेची टाच झिजते. इथे घडतं ते याच्या उलट. मावा हा कीटक झाडाचा रस पिऊन जगतो. त्या रसात साखर भरपूर, पण आवश्यक अमिनो आम्लं फार कमी. ती त्याला बुखनेरा हा जीवाणू बनवून देतो. माव्याच्या शरीरातल्या खास पेशींत तो राहतो आणि आईकडून पिल्लांकडे जातो. बाहेरच्या जगाशी संबंधच न उरल्यामुळे त्याची कितीतरी जनुकं नुसती पडून राहिली. पडून असलेल्या जनुकात उत्परिवर्तनानं बिघाड झाला तरी जीवाणूचं काही अडत नाही, म्हणून नैसर्गिक निवड तो बिघाड गाळून काढत नाही. अमिनो आम्लं बनवणारी जनुकं मात्र रोज राबतात आणि ती टिकून आहेत. 'झीज' वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेमकं उलटं चित्र उभं राहील.

'ऱ्हास'चं प्रकरण जास्त सुंदर आहे. हा शब्द 'ह्रस्' धातूचा, म्हणजे 'ह्रस्व'चा सख्खा भाऊ. मूळ अर्थ आखूड होणं, कमी होणं. व्युत्पत्तीनं पाहिलं तर याहून चपखल शब्द सापडणार नाही: ई. कोलाय या बुखनेराच्या नातलग जीवाणूच्या जनुकसंचात सुमारे 46 लाख बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) असतात, आणि 2000 साली बुखनेराचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा त्यात जेमतेम 6 लाख 40 हजार भरल्या. तुडतुड्यांतल्या नासुइया या जीवाणूचा तर 1 लाख 12 हजारांवर आला आहे. दीर्घाचं ह्रस्व झालं, दुसरं काय!

पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाहीत, वापरावर जगतात. आपण पर्यावरणाचा ऱ्हास म्हणतो, मूल्यांचा ऱ्हास म्हणतो. आजच्या मराठीत ऱ्हास म्हणजे बिघडत जाणं, आणि तेही चालूच असलेलं. बुखनेराची गोष्ट तशी नाही. 2002 साली दोन जातींच्या माव्यांतले बुखनेरा ताडून पाहिले गेले. त्यांच्या वाटा किमान 5 कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या, तरी दोन्हींतला जनुकांचा क्रम जसाच्या तसा निघाला. मोठी काटछाट फार पूर्वीच उरकली होती, नंतर बरंचसं स्थैर्य. याला ऱ्हास म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

एका जागी मात्र 'ऱ्हास' ठेवाच. दर पिढीत मोजकेच जीवाणू पुढे जातात आणि बाहेरून नवी जनुकं मिळत नाहीत, त्यामुळे उरलेल्या, कामाच्या जनुकांतही बारीक दोष साठत जातात. त्यांची प्रथिनं नीट घडी घेत नाहीत. बुखनेरा घडी सावरणारं एक प्रथिन मुबलक बनवतो, ते बहुधा याचसाठी. या दोष साठण्याला ऱ्हास म्हणणं योग्य.

मग मूळ संज्ञेला काय म्हणावं? 'आकुंचन' सुचेल, पण आकुंचनाच्या मागे प्रसरण येतं, स्नायूसारखं. इथे गेलेलं परत येत नाही. मी 'जनुकसंकोच' घेईन. संकोच म्हटलं की लाजणं आठवेल ही हरकत खरी, पण भाषेच्या अभ्यासात 'अर्थसंकोच' रुळलेला आहेच. 'मृग' म्हणजे एके काळी कोणताही रानपशू, आता फक्त हरीण. व्याप्ती आटली, शब्द बिघडला नाही. अगदी हाच भाव हवा आहे.

एकेक जनुक जाण्याला वेगळा शब्द लागेल, आणि तो व्याकरणानं तयारच ठेवला आहे: लोप. पाणिनीनं लोपाची व्याख्या 'अदर्शन' अशी केली, म्हणजे जे असायला हवं ते न दिसणं. 'जनुकलोप' म्हटलं की इथे काही होतं हेही त्यात आलं.

यामधली एक पायरी भाषांतरात हमखास निसटते. त्सेत्से माशीतला सोडॅलिस हा जीवाणू तुलनेनं नवा सोबती. त्याचा जनुकसंच अजून सुमारे 42 लाख बेस-जोड्यांचा आहे, पण त्यातला निम्म्याच्या आसपास भागच प्रथिनांच्या कामी येतो. शेकडो जनुकं मोडून तिथेच पडली आहेत. ती छद्मजनुकं. 'सोऽहम्'मधला अवग्रह पाहा. 'अहम्'चा अ उच्चारात उरला नाही, पण त्याची जागा दाखवणारी खूण आहे. छद्मजनुक म्हणजे तो अवग्रह. पुढे कुणी 'सोहम' लिहिलं की खूणही गेली. सोडॅलिस अजून 'सोऽहम्' लिहितो, बुखनेरा बहुतेक ठिकाणी 'सोहम'.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: "यजमान कीटकाच्या पेशींत स्थिरावलेल्या जीवाणूंत आधी अनेक जनुकांची छद्मजनुकं होतात, मग त्यांचा लोप होतो आणि एकूण जनुकसंकोच घडतो."