वाद्यांची निगा : बेस गिटारच्या पिकअपचे सैल झालेले स्क्रू

प्रश्न : मी एका हौशी वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. माझी चार तारांची, जॅझ बेसच्या धर्तीची गिटार मी वापरलेली विकत घेतली होती. पावसाळा सुरू झाल्यापासून तिचा ब्रिजजवळचा (तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळचा) पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपून स्पीकरकडे पाठवणारा चुंबकीय भाग, हलू लागला आहे. वाजवताना अंगठा त्यावर टेकवला की तो एका बाजूने खाली दबतो आणि जोराच्या आघाताबरोबर स्पीकरमधून खडखड ऐकू येते. चारपैकी दोन स्क्रू कितीही आवळले तरी जागच्या जागी फिरत राहतात. एका मित्राने जाड स्क्रू घालायला सांगितले आहे, तर दुसऱ्याने भोकात फेविक्विक सोडायला. गणेशोत्सवाचे कार्यक्रम तोंडावर आले आहेत, तरी मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोन्ही सल्ले चांगल्या हेतूने दिलेले असले, तरी कृपया तूर्त दोन्ही बाजूला ठेवा. स्क्रू बहुधा शाबूत आहेत. गेले आहेत ते लाकडातले आटे, आणि तुमच्या वर्णनावरून पिकअपखालचा फोमही निकामी झाला असावा असे वाटते.

फेंडर कंपनीने १९६० साली बाजारात आणलेल्या जॅझ बेसची रचना आज अनेक कारखाने वापरतात. या रचनेत पिकअपच्या कानांतून (कडेला बाहेर आलेल्या भागांतून) गेलेले चार स्क्रू थेट गिटारच्या लाकडात रुततात. स्क्रूची डोकी पिकअपला खाली रोखून धरतात आणि तळाशी असलेला फोम किंवा स्प्रिंग त्याला वर ढकलत असते. या दोन्हींच्या ओढाताणीतूनच पिकअप स्थिर राहतो. फोमची उसळी संपली की पिकअप स्क्रूंवर नुसता लटकत राहतो, अंगठ्याच्या भाराने वरखाली होतो, आणि मग प्रत्येक हालचालीबरोबर स्क्रू आपल्याच भोकाच्या भिंती खात जातो. त्यातच आवाज जुळवण्यासाठी स्क्रू वारंवार फिरवले गेले असतील आणि गिटारचे लाकूड बासवुड किंवा पॉप्लरसारखे मऊ असेल, तर आटे फार काळ टिकत नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, पुढे सुकून आकसते, आणि या फुगण्या-आकसण्याने उरलीसुरली पकडही ढिली होते.

म्हणून आधी दोष नेमका कुठे आहे ते तपासा. स्क्रू आवळताना हाताला विरोध जाणवत असेल आणि तरीही पिकअप हलत असेल, तर दोष फोमचा आहे. स्क्रू अखंड फिरत असेल आणि हलक्या हाताने उचलल्यावर सरळ वर येत असेल, तर आटे गेले आहेत. तुमच्याकडे दोन्ही गोष्टी झालेल्या दिसतात.

जाड स्क्रूला माझा विरोध असण्याचे कारण असे, की तो पिकअपच्या कानातील भोकातून जात नाही, आणि भोक मोठे करू गेल्यास कान तडकतो. शिवाय मऊ लाकडात जाड स्क्रू बळाने बसवला तर लाकूड चिरते, आणि मग तुलनेने सोप्या दुरुस्तीचे अवघड काम होऊन बसते. त्याच जाडीचा, पण काही मिलिमीटर लांब स्क्रू मात्र चालू शकतो, कारण तो खालच्या कोऱ्या लाकडात पकड घेतो. तो घेण्यापूर्वी पिकअप ज्या खाचेत बसतो तिच्याखाली किती लाकूड शिल्लक आहे ते अवश्य मोजा. अशा गिटारची एकूण जाडी साधारण ४४ मिलिमीटर असते आणि त्यातला बराच भाग खाचेने घेतलेला असतो. फेविक्विकबद्दल सांगायचे, तर काही अनुभवी कारागीर तसा पातळ गोंद किंचित झिजलेले आटे कडक करण्यासाठी वापरतात. परंतु तो झटकन पसरतो, पॉलिशवर पडला तर डाग कायमचा राहतो आणि कॉइलजवळ (पिकअपमधील तारेच्या वेटोळ्याजवळ) सांडला तर पिकअप गमावण्याची वेळ येते.

खात्रीचा मार्ग म्हणजे भोक लाकडाने भरून आटे नव्याने पाडणे. तारा सैल करून काढून ठेवा, चारही स्क्रू सोडवा आणि पिकअप अलगद उचलून मऊ कापडावर बाजूला ठेवा. त्याच्या वायरला ओढ बसू देऊ नका. पिकअपमधील लोहचुंबक स्क्रू ड्रायव्हरचे टोक अचानक खेचून घेते, आणि कॉइलची तार केसासारखी बारीक असल्यामुळे एवढासा ओरखडाही ती तोडायला पुरेसा होतो. म्हणून हत्यार नेहमी दोन्ही हातांनी धरावे. आता भोकातील भुसा फुंकून किंवा बारीक ब्रशने काढा. बांबूच्या दोन-तीन टूथपिक लाकडासाठीच्या पांढऱ्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट बसेपर्यंत सारा, हलकेच ठोका आणि खाचेच्या तळाशी समपातळीत कापा. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा. कोरड्या दिवसांत एक रात्र पुरते. पावसाळ्यात मात्र पूर्ण दोन दिवस तरी वाट पाहावी, कारण दमट हवेत हा गोंद हळू सुकतो आणि आतून ओला राहिलेला भराव पहिल्याच आवळण्यात निखळतो. भोक फारच मोठे झाले असेल, तर टूथपिकचा हट्ट न धरता एखाद्या चांगल्या सुताराकडून सागासारख्या टणक लाकडाची बारीक खुंटी बसवून घ्या. पिकअप धरून ठेवण्यासाठी लागणारे बळ थोडे असते, त्यामुळे नीट केलेला असा भराव दीर्घकाळ टिकतो.

गोंद सुकल्यावर भरावाच्या मध्यभागी ड्रिलच्या सुमारे २ मिलिमीटरच्या बिटाने सरळ भोक पाडा. किती खोल जायचे त्या खुणेवर बिटाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, म्हणजे बिट जास्त आत जाणार नाही. स्क्रूच्या आट्यांना किंचित मेण चोळा आणि तो हातानेच बसवा, ड्रिल मशिनने नव्हे. यापुढे स्क्रू पुन्हा बसवण्याची वेळ येईल तेव्हा तो आधी उलटा फिरवा. बोटांना ‘टक्’ असा लहानसा धक्का जाणवतो. तिथे स्क्रूचे टोक जुन्या आट्यात उतरलेले असते. तिथूनच सुलटा फिरवायला सुरुवात केली, तर जुनेच आटे वापरले जातात आणि नवे आडवे आटे पडून भोक झिजत नाही. माझ्या मते ही एकच सवय निम्म्या दुरुस्त्या टाळू शकते.

आता फोम. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा घालू नका. तो काही महिन्यांत चपटा होतो आणि ओल धरून स्क्रूंना गंज आणतो. दाट ईव्हीए (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा) किंवा रबरी फोम घ्या आणि तो भरायच्या जागेपेक्षा थोडा जाड ठेवा, म्हणजे दाबला गेल्यावर तो उसळी देत राहील. खाचेत स्क्रूभोवती पुरेशी जागा असेल, तर मत्स्यालयाच्या हवेच्या पंपाला लावतात ती मऊ सिलिकॉनची नळी कापून प्रत्येक स्क्रूवर चढवता येते. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात ती सहज मिळते, आणि स्क्रू बदलायचे झाल्यास जवळच नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरची दुकाने आहेत. जाताना जुना स्क्रू नमुन्यादाखल बरोबर न्यावा.

उंची जुळवताना तार शेवटच्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून तिच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या चुंबकापर्यंतचे अंतर मोजा. जाड तारेकडे सुमारे ३ आणि बारीक तारेकडे सुमारे २.५ मिलिमीटर ठेवून सुरुवात करा, मग कानाने ठरवा. पिकअप याहून फार वर आणल्यास चुंबक तारेला ओढू लागते आणि सूर डळमळतो.

प्रश्न : माझ्या प्रिसिजन बेसच्या (फेंडरच्याच दुसऱ्या प्रकारच्या बेस गिटारच्या) पिकअपचे स्क्रू गंजले आहेत आणि एकाचे डोके झिजल्यामुळे तो सुटतच नाही. त्यावर तेल सोडावे का?
– एक वाचक, वसई

उत्तर : तेल सोडू नये. ते लाकडात मुरते, आणि तेल मुरलेल्या लाकडाला पुढे गोंद धरत नाही. डोक्याच्या खाचेत तंतोतंत बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, मधे रबराची पातळ पट्टी ठेवा आणि वरून भक्कम दाब देत स्क्रू आधी किंचित आवळण्याच्या दिशेने व मग सोडण्याच्या दिशेने फिरवा. त्या लहानशा हिसक्याने गंजाची पकड बहुतेक वेळा सुटते. सोल्डरिंग आयर्नने स्क्रू तापवण्याचा उपाय काही जण सुचवतात, पण पिकअपचे प्लास्टिक वितळण्याचा धोका असल्यामुळे मी तो सुचवणार नाही. वसईसारख्या खाऱ्या हवेच्या ठिकाणी नवे स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. ते बारीक असताना जोराने पिळल्यास तुटू शकतात, म्हणून नव्या भरावात आधी साधा पोलादी स्क्रू एकदा पूर्ण आत-बाहेर करून आटे पाडून घ्यावेत आणि मगच स्टेनलेसचा स्क्रू बसवावा.