सहल ठरेल, आधी डिसेंबरचा हप्ता थांबवा

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: दिवाळीनंतर आम्ही पाच जण चार रात्रींसाठी स्पा असलेल्या ठिकाणी जाणार आहोत. आईला (वय 71) गुडघ्यांसाठी तेलाचं मालीश हवंय, धाकट्या बहिणीला शांतता, यजमानांना किल्ला, मुलीला समुद्र. केरळमधल्या आयुर्वेदिक रिसॉर्टचं पंचकर्म पॅकेज 1 लाख 60 हजारांना पडतं, गोव्यातलं हॉटेलही जवळपास तेवढंच. कोणतं निवडू? खर्च आई करणार आहे. बाबांच्या मागे तिची 12 लाखांची एफडी होती. बँकेतल्या साहेबांनी ती मोडून 'सात वर्षांची एफडी' करून दिली, तिचे वर्षाला 2 लाख जातात. तिसरा हप्ता डिसेंबरात आहे, त्याआधी सहल उरकायची आहे. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन महिना 11 हजार आहे.

ताई, एफडीला दरवर्षी हप्ता नसतो. तुम्ही सोबत पाठवलेला कागद विमा पॉलिसीचा आहे. विमा तुमच्या मुलीच्या नावे, हप्ता भरणार आजी. 7 वर्षांत 14 लाख भरायचे आणि 15 वर्षं पूर्ण झाली की 25 लाख मिळायचे. परतावा निघतो जेमतेम 5 टक्के, आणि तेव्हा आई 84 वर्षांच्या असतील.

आता साधी वजाबाकी करा. 12 लाखांतले 4 गेले, 8 बचत खात्यात उरले. सहलीचे 1.6 काढले की 6.4. त्यातून आणखी तीन हप्ते निघतील. पाचवा भरला की खात्यात 40 हजार उरतील. सहावा आणि सातवा कोण भरणार? आईंचं वर्षाचं उत्पन्न 1 लाख 32 हजार, हप्ता 2 लाख. ही पॉलिसी त्यांना विकणाऱ्याने हा हिशेब केला नसेल, असं मला वाटत नाही. नवऱ्याच्या मागे उरलेली पुंजी त्या बाईंनी विश्वासाने समोर ठेवली होती. याचा मला मनापासून राग येतो, आणि अशी पत्रं दर महिन्याला येतात.

पॉलिसी परत करण्याची 30 दिवसांची मुदत केव्हाच संपली. तरीही तक्रारीचा रस्ता बंद झालेला नाही. विमा कंपनीला लेखी कळवा की एफडी सांगून पॉलिसी विकली, पूर्ण पैसे परत द्या. बँकेतल्या साहेबांचे मोबाइलवरचे निरोप जपून ठेवा. प्रस्ताव अर्जाची प्रत मागा आणि उत्पन्नाच्या रकान्यात कोणता आकडा लिहिलाय ते बघा. पॉलिसी देण्याआधी कंपनीकडून खातरजमेचा फोन येतो, त्याचं ध्वनिमुद्रणही मागा. 'सगळ्याला हो म्हणा' असं आईंना आधीच पढवलं असेल, तर तेही तक्रारीत लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जा. तिथे 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी नाही, वकील लागत नाही.

पैसे पूर्ण मिळतीलच अशी आशा धरून बसू नका. पॉलिसी मुदतीआधी मोडली (सरेंडर केली) तर किती आणि पुढचे हप्ते न भरता तशीच चालू (पेड-अप) ठेवली तर किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या. पॉलिसी डिसेंबर 2024 ची, म्हणजे ऑक्टोबर 2024 च्या नव्या सरेंडर नियमांखाली येणारी, त्यामुळे जुन्या पॉलिसींइतकी वाईट कापणी होऊ नये. समजा, 4 लाखांतले निम्मे बुडाले. खात्यात उरलेल्या 8 लाखांतला 1 लाख अडीअडचणीला ठेवून 7 लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, तर आजच्या 8.2 टक्क्यांनी वर्षाला 57 हजार येतात. गुंतवताना असलेला दर पाचही वर्षं कायम राहतो. दर तिमाहीला 14 हजारांच्या वर आईंच्या हातात, आणि बुडालेले 2 लाख साडेतीन वर्षांत भरून निघाले. मुख्य म्हणजे मुद्दल आईंच्याच नावावर राहिलं.

पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. आईंनी सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं: वर्षाला 5 लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार. आधार कार्ड घेऊन हे काम याच आठवड्यात करा.

आता सहल. चार रात्रींत पंचकर्म होत नाही. तेल लावणं आणि शेकणं, म्हणजे स्नेहन-स्वेदन, ही नुसती पूर्वतयारी. वमन, विरेचन, बस्ती ही खरी कर्मं पुढची, त्यांना वैद्यांची देखरेख आणि बरेच दिवस लागतात. शिवाय मालीश हवंय एकट्या आईंना आणि पॅकेजचे पैसे पाचांचे. माझं मत दापोलीला. महाबळेश्वर-पोलादपूरवरून खाली उतरा. मुलीला समुद्र, यजमानांना हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग, आणि त्यांचे पाय तेवढ्यावर थांबले नाहीत तर पन्हाळेकाजीची लेणी. आईंसाठी उन्हवऱ्याचं गंधकाच्या गरम पाण्याचं कुंड. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, कारण पाणी चांगलंच कढत असतं. समुद्रापासून जरा आत, नारळी-पोफळीच्या वाडीतलं घर घेतलंत तर बहिणीला हवी ती शांतता मिळेल.

खोल्या साडेसात हजारांच्या आतल्या घ्या, जीएसटी 5 टक्के पडतो. त्याच्यावर गेलात की 18. दोन खोल्या 5 हजारांच्या धरल्या तर चार रात्रींचे 40 हजार, गाडी-जेवणाचे 30, आईंच्या मालीशचे 10. झाले 80 हजार. दोघी बहिणी निम्मे-निम्मे भरा. आईंच्या खात्याला हात लावू नका. त्या आग्रह करतील, तरीही नाही.

हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असणार. तो थांबवण्याचा अर्ज आईंच्या सहीने बँकेत द्या, तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या, आणि दापोलीचं बुकिंग त्यानंतर करा.