भाडे, भाव आणि खर्च यांसाठी इंग्रजी शब्द

दिलेल्या पैशांसाठी इंग्रजीत अनेक शब्द असले, तरी सुरुवातीला सगळे पाठ करू नका. पैसे कशाचे दिले, एवढेच आधी विचारा.

आपल्याकडे सर्वाधिक घोळ ‘भाडे’ या शब्दाने होतो. परभणीहून लातूरला एसटीने जाताना कंडक्टरला देतो तेही भाडे आणि लातूरला शिकवणीसाठी घेतलेल्या खोलीचे दरमहा देतो तेही भाडेच. इंग्रजीत मात्र प्रवासाचे ते ‘फेअर’ आणि खोलीचे ते ‘रेंट’. ‘बस रेंट’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला आख्खी बस भाड्याने घेतल्यासारखे वाटेल. जत्रेच्या ‘फेअर’चा उच्चार हाच असला तरी स्पेलिंग निराळे आहे (प्रवासाचे fare, जत्रेचे fair), तेवढे वहीत लिहून ठेवा.

दुसरी जोडी ‘प्राइस’ आणि ‘कॉस्ट’. बियाणे, खत, फवारणी, मजुरी धरून सोयाबीन पिकवायला जो खर्च आला ती कॉस्ट, आणि मोंढ्यात क्विंटलला जो भाव मिळाला ती प्राइस; म्हणूनच हमीभावाला ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’ म्हणतात. घरच्या शेतीवरून हा फरक तुम्हाला चटकन उमगेल.

डॉक्टर, वकील किंवा शिकवणीला देतो ती ‘फी’. दंड म्हणजे ‘फाइन’.

आणखी एक नेहमीची चूक: ‘प्राइस इज चीप’ असे लिहू नका. वस्तू ‘चीप’ असते, प्राइस ‘लो’ किंवा ‘हाय’ असते.

‘चार्ज’, ‘टॅरिफ’, ‘ड्यूटी’ हे शब्द सध्या बाजूला ठेवा. महिनाभर रोजचा खर्च या पाच-सहा शब्दांत लिहा; चुकलात तरी लिहीत राहा.