बेघरांसाठी एवढ्या योजना असताना राज्याने वेगळा कायदा का करावा? आणि तशी मागणी नाशिकमधून कशी रेटायची?

"हे लोक निवारागृहात जायलाच तयार नसतात," हे तुम्ही प्रश्नाखाली लिहिलेलं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून उत्तर लिहायला बसले. आठ वर्षं हेच वाक्य माझा थोरला भाऊ मला ऐकवतोय.

माझं पंचवटीत पोळीभाजी केंद्र आहे. भांडी घासायला सुरगाण्याकडच्या एक मावशी येऊ लागल्या. नवरा द्राक्षबागेत पडून मणका दुखावलेला, त्यामुळे बागेची कामं सुटलेली. दहा वर्षांचा मुलगा धरून तिघं गोदाघाटावर झोपायची. डिसेंबरात थंडी वाढली तशी मीच हौसेने त्यांना एका निवारागृहात घेऊन गेले. तिथे बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. नवऱ्याला उठता-बसता हात द्यावा लागतो, तो कोण देणार? गाठोडं आणि स्टोव्ह ठेवायला कुलपाची जागा नाही. दार रात्री दहाला बंद, आणि माझ्याकडची भांडी उरकायला साडेदहा व्हायचे. म्हणजे निवारा हवा तर काम सोडा. आधार कार्डावर गावचा पत्ता, म्हणून "तिकडेच जा" हेही ऐकावं लागलं. चौथ्या रात्री तिघं परत घाटावर.

दादा म्हणाला, "बघ, मी म्हणालो नव्हतो? त्यांना रस्ताच आवडतो."

मग फुलेनगरला पत्र्याची खोली बघितली. दहा हजार डिपॉझिट मी भरलं, ते मावशींनी पगारातून फेडलं. आजवर एका महिन्याचं भाडं थकलेलं नाही. मुलगा आयटीआयला आहे. दादा, रस्ता आवडणारी माणसं अशी असतात का?

आता कायदा कशाला ते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान या शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेचा निकष होता, शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा कायमचा निवारा. 2011 च्या जनगणनेत नाशिक 14.86 लाखांचं होतं, म्हणजे तेव्हाच्याच आकड्याने जवळपास पंधराशे जागा लागतात. त्या नसतील तर मावशींनी कोणाकडे भांडायचं? आपली रोजगार हमी आधी योजनाच होती, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता, असं त्यात लिहिलंय. निवाऱ्याचाही असाच हक्क हवा. आमचे नाना बहात्तरच्या दुष्काळात सिन्नरकडे खडी फोडायला जायचे. दादाला तेव्हाचं सगळं आठवतं, मला नाही. तरी तोच असं बोलतो.

उलट जो कायदा आहे तो माणसांना डांबणारा आहे. 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यात पोटापाण्याचं साधन दिसत नसलेला, सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही भिकारीच ठरू शकतो, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कोंडण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे तो आहेच. माझी पहिली मागणी, तो रद्द करा.

परवडणाऱ्या घरांचं म्हणाल तर 4000 चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पांत 20 टक्के घरं अल्प उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायचा नियम नाशिकला लागू आहे. पण ती विकत घ्यायची घरं. मावशींना कर्ज कोणती बँक देईल? त्यांना भाड्याची खोली हवी, आणि कायद्याने तीच बांधायला लावली पाहिजे. बंद ठेवलेल्या फ्लॅटवर जास्त कर लावा, असंही माझं मत आहे. दादाचे पाथर्डी फाट्याला दोन फ्लॅट चार वर्षं कुलपात आहेत. हे बोलले म्हणून एका दिवाळीला तो भाऊबीजेला आला नव्हता.

मागणी घेऊन महापालिकेत खेटे घालू नका. जमीन हा राज्याचा विषय आहे, तेव्हा आमदाराकडे जा. नुसतं निवेदन देऊ नका, अशासकीय विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेला आमदार मांडू शकतो त्या विधेयकाचा, मसुदा न्या, तोही अधिवेशनाच्या आधी. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, घाटावरच्या माणसांचं काय करणार, हे आत्ताच विचारा.

मी वकील नाही, कलमांची भाषा जाणकाराकडून तपासून घ्या. शिवाय व्यसन किंवा मनाचा आजार असलेल्यांना नुसती खोली पुरत नाही, तेही खरं. पण कुटुंब एकत्र राहील, कुलपाचा खण मिळेल आणि रात्रपाळीवाल्याला दार उघडेल, एवढं मसुद्यात हवंच. मावशींशी बोलायचं असेल तर दुपारी चारनंतर केंद्रावर या, तेव्हा भांडी कमी असतात.