सरपंच बाई, पण कारभार नवऱ्याचा: यावर उपाय काय?

सगळ्यात आधी डिजिटल सहीची डोंगल (पेन ड्राइव्हसारखं छोटं साधन) कोणाच्या खिशात आहे ते बघा. ग्रामपंचायतीला मिळणारे वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक (आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’) या दोघांच्या डिजिटल सहीने निघतात. ती डोंगल आणि पिन ‘साहेबां’कडे, म्हणजे नवऱ्याकडे असेल, तर बाईंच्या खुर्चीला अर्थ नाही. डोंगल स्वतःच्या पर्समध्ये, पिन स्वतःच्या डोक्यात. भांडण न करता होणारी ही पहिली गोष्ट.

दुसरं म्हणजे महिला ग्रामसभा. ग्रामसभेच्या आधी ती घेणं आपल्याकडे कायद्यानेच बंधनकारक आहे, पण बऱ्याच गावांत रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा करतात. ती खरोखर भरवा. बचत गटाच्या पंधरा-वीस बाया पाण्याचा, दारूचा विषय घेऊन आल्या की सरपंचबाईंना पाठबळ मिळतं. एकटीने ‘नाही’ म्हणणं फार अवघड असतं हो, घरात त्याच माणसाला जेवायला वाढायचं असतं!

मासिक सभेचं अध्यक्षस्थान त्यांचंच. इतिवृत्त वाचल्याशिवाय सही नाही, एवढा हट्ट धरला तरी ग्रामसेवक सरळ होतो.

पंचायतीत बायकांचं आरक्षण १९९३ पासून ३३ टक्के होतं, २०११ मध्ये महाराष्ट्राने ते ५० टक्के केलं. पण सरपंचपदाचं आरक्षण गावागावांत फिरतं असतं. कामाला हात बसतो तोवर पाच वर्षं संपतात आणि जागा खुली होते. म्हणून चांगलं काम केलेल्या बाईला खुल्या जागेवरही उभी करा. खरी अडचण इथेच आहे: निवडणुकीला उमेदवार उभे करणारे गावातले पॅनलवाले तेव्हा तिचं नावही काढत नाहीत.